हरतालिकेला मला तहान लागली नाही

भाद्रपद, गौरी यायच्या आदला दिवस. दुपारची वेळ. सांगलीतलं एक रुग्णालय, दोन खाटांची खोली.

हजर: खाटेवर मी. उशाशी माझे यजमान, प्रमोद. दाराजवळच्या स्टुलावर माझ्या थोरल्या जाऊबाई, मंगलवहिनी. शेजारच्या खाटेवर पोटदुखीसाठी दाखल झालेल्या जतकडच्या कोंडाबाई. आणि हार्मोनच्या डॉक्टर, ज्यांना मी शुद्धीत असताना पहिल्यांदाच पाहत होते. गैरहजर: मुलगा ओंकार, नोकरीनिमित्त बंगळूरला.

अशी हजेरी लिहायची सवय नोकरीतली. साताऱ्याला एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना विभाग सांभाळते. बैठकीचं इतिवृत्त लिहायचं तर आधी दिवस, मग हजर कोण, मग विषय. त्या दिवशी विषय एकच होता आणि डॉक्टरांनी तो अगदी सहज काढला.

"शैलाताई, तुम्हाला तहान लागत नाही, पाणी ठरवून प्यायला लागतं, हे मागच्या ऑपरेशननंतर सांगितलं होतं ना? मग निर्जळी उपास कसा केलात?"

"कुणाला तहान लागत नाही?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. हे सलाईनच्या बाटलीकडे बघत होते. मंगलवहिनींनी मांडीवरची पिशवी उघडली, आत काही शोधल्यासारखं केलं आणि परत बंद केली. मला त्या वेळी नीट बसताही येत नव्हतं, पण एवढं कळलं, की या खोलीत ही गोष्ट माहीत नसलेल्या आम्ही दोघीच होतो, मी आणि कोंडाबाई.

आधीचं

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, साताऱ्याला घरी, कणीक मळताना माझ्या डोक्यात एकदम काहीतरी फुटल्यासारखं झालं. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुगून फुटली होती. ऑपरेशन झालं, मी वाचले. हात, पाय, बोलणं सगळं शाबूत. घरी जाताना मला सांगितलं गेलं की ऑपरेशननंतर लघवी जास्त होते, तिच्यासाठी एक गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. मी गोळ्यांचा डबा आणला, वारांची नावं घातली आणि कधी चुकवली नाही.

सांगितलेलं खरंच होतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं सर्जननी यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं: हिला तहान लागेनाशी झाली आहे, कदाचित परत येईल, कदाचित येणार नाही, तोवर पाणी मोजून पाजत राहा आणि हिलाही नीट समजावून सांगा. यांनी पहिला भाग केला.

वाचणारे विचारतील, स्वतःला तहान लागत नाही हे माणसाला कळत नाही? मीही स्वतःला हेच विचारलं. दुखणं आलं की कळतं. तहान येईनाशी झाली तर कळत नाही, कारण कळायला काही होतच नाही. आणि माझ्या हातात तर पाणी मागण्याआधीच येत होतं.

माणसं प्रेमळ झाली होती

हे सगळ्यांत जास्त लागलं, म्हणून ते आधी लिहिते.

आजारानंतर माझ्याभोवतीची माणसं बदलली होती. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारे हे सकाळी उठून माझ्यासाठी कोमट पाणी आणायचे, मग चहा, मग ताक. समोर बसायचे, पेला रिकामा होईपर्यंत गप्पा मारायचे. लग्नानंतर इतके निवांत आम्ही कधी बसलो नव्हतो. कार्यालयात पुष्पाताई शिपाई टेबलावर बाटली ठेवायच्या, अर्धी झाली की भरायच्या. ओंकार रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, हातात पाण्याचा ग्लास घेऊन. "आई, तूपण घे, चिअर्स," म्हणायचा आणि आम्ही दोघं स्क्रीनच्या दोन बाजूंना एकदमच पाणी प्यायचो. मला तो खेळ वाटायचा. मैत्रिणींना मी कौतुकाने सांगत होते, मरणाच्या दारातून परत आल्यावर माणसांची किंमत कळते हो.

ती सगळी ड्यूटी होती. माझ्यावर लक्ष ठेवायची ड्यूटी, मला न विचारता लावलेली. कार्यालयात इतरांच्या ड्यूट्या मी लावते, त्यामुळे एखादं काम मनापासून चाललंय की नेमून दिलंय, हे मला लांबूनही ओळखता यायला हवं होतं.

उपास

माझं सासर सांगलीजवळच्या माधवनगरचं. गणपती तिथेच, थोरल्या दिरांच्या घरी, म्हणून हरतालिकाही तिथेच. हरतालिकेच्या उपासात मी वर्षानुवर्षं नापास. सकाळी पूजा, वाळूची पिंड, पत्री, सगळं जमायचं; पण दुपार झाली की घसा कोरडा पडायचा आणि मी पाणी प्यायचे. रहिमतपूरला माझी आई ऐंशी ओलांडली तरी निर्जळी करते, आणि तिची लेक ही अशी. मंगलवहिनी दरवर्षी म्हणायच्या, "शैला आली, तांब्या भरून ठेवा."

या वर्षी दुपार झाली, आणि मला काहीच वाटलं नाही. पुन्हा पुन्हा घशाकडे लक्ष देऊन पाहिलं. काही नाही. मला फार आनंद झाला. आजाराने आपल्याला कणखर केलं असं वाटलं. गोळी घ्यायला पाणी लागतं म्हणून सकाळी मी गोळीही घेतली नव्हती, आणि तसं मंगलवहिनींना सांगितलं होतं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

दिवसभर मी सारखी बाथरूमला जात होते. शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "पाणी तर पिईना ही, मग येतंय कुठनं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या एका वाक्यात तिने माझा सगळा आजार बोलून दाखवला होता, पण तो ऐकणारी मी नव्हते.

आईला फोन लावला. "अजून पाण्याचा थेंब घेतला नाही," म्हटलं. ती म्हणाली, "जमलं बघ शेवटी. तुझ्या वडलांना सांगायला हवं होतं." वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

मी आदल्या दिवशीच पुढे आले होते; संध्याकाळी हे साताऱ्याहून आले. चपला काढल्या ते सरळ आत गेले आणि लिंबाचं सरबत घेऊन बाहेर आले. खोलीत बायका गाणी म्हणत बसल्या होत्या. यांनी पेला माझ्यापुढे धरला. "घे थोडं. तुझी तब्येत अजून..."

"बायकोचा उपास मोडायला आलात व्हय भावजी?" एकजण म्हणाली. "पुढचे सात जन्म हीच बायको नको म्हणून," दुसरीने जोडलं. खूप हशा झाला. मी म्हटलं, "अहो, मला खरंच तहान नाही. तुम्हीच प्या." आणि हे हसले. पेला घेऊन आत गेले. थोड्या वेळाने रिकामा पेला ओट्यावर दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूची पिंड उचलून तबक धुतलं, एवढं आठवतं. पुढचं ऐकीव आहे. गणपतीच्या नैवेद्याचे मोदक मी ताटात रांगेने मांडून त्यांना क्रमांक देत होते म्हणे, आणि नऊ नंबर विनापरवानगी रजेवर आहे असं सांगत होते. आधी सगळे हसले. मग मी मंगलवहिनींना विचारलं, "आपण कोण?" आणि ओट्याला धरून खाली बसले. घरात आरतीची तयारी चालली असताना मला गाडीत घातलं.

डॉक्टरांनी काय सांगितलं

त्यांनी कागदावर काही काढलं नाही, मोठे शब्द वापरले नाहीत. म्हणाल्या, रक्तात मिठाचं प्रमाण जरा वाढलं की मेंदूतल्या एका लहानशा जागेला ते कळतं. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात एक हार्मोन वाढतं, तेही मेंदूत जाऊन पाणी हवं म्हणून सांगतं. मेंदूचा तो भाग मग दोन कामं करतो. माणसाला तहान लावतो, आणि दुसरं एक हार्मोन सोडून मूत्रपिंडांना कळवतो की पाणी धरून ठेवा. माझ्या रक्तस्रावात नेमकी तीच जागा दुखावली. मूत्रपिंडांना कळवायचं काम गोळी करत होती. तहान लावायचं काम करणारी गोळी अजून निघालेली नाही.

"म्हणजे मला शरीराकडून काही कळणार नाही?"

"निरोप येतात, पण घेणारं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "आणि आणखी एक. सोडियम वाढलं की माणूस गोंधळतो. त्या वेळी तुमचं तुम्हाला कळणार नाही. म्हणून घरातलं एक माणूस कायम लक्ष ठेवणारं हवं."

मी मान हलवली. स्वतःच्या शरीराने फसवलं होतं ते एक. आता ज्यांनी फसवलं त्यांच्यावरच विसंबून राहायचं होतं. मला पाणी प्यायला जमेल की नाही ही शंका मला कधीच नव्हती. शंका ही होती, की समोर पेला धरणाऱ्या माणसावर विश्वास बसला नाही तर मी जगणार कशी.

कोंडाबाई

डॉक्टर गेल्या. पहिल्यांदा कोंडाबाई बोलल्या. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं, आता थोडी डाळिंबंही आहेत.

"आवं बाई, तान लागतच न्हाई तुमाला?"

"नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

"आमच्याकडं दुष्काळात तुमच्यासारकी सून गावली असती, तर लय मिरवली असती तिला." आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पोट धरलं. मग त्यांनाच दुखायला लागलं. मला त्या दिवशी आलेलं एकमेव हसू ते. मंगलवहिनी हसल्या नाहीत. हे बाहेर निघून गेले.

पुढचे दिवस रुग्णालयाच्या घड्याळाने गेले. रक्त घ्यायचं, सोडियम बघायचं, सलाईन कमी-जास्त करायचं. ते एकदम खाली आणत नाहीत, मेंदूला त्रास होतो म्हणून हळूहळू आणतात. नर्स पाणी मोजून द्यायची आणि लघवी मोजून न्यायची. सगळं मोजलेलं, सगळं माझ्यासमोर लिहिलेलं. मला त्या खोलीत बरं वाटत होतं, हे घरच्यांना सांगता आलं नाही.

विचारलं

वहिनींना आधी विचारलं, कारण यांना विचारायचं धाडस नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. "पण हरतालिकेला कुणाला पाणी पी म्हणून कसं सांगायचं, शैला? आणि तू पहिल्यांदा... मला वाटलं, एक दिवसाने काय होतंय. दुपारी भावजींना फोन केला होता मी, गोळीचंही सांगितलं. म्हणाले, मी निघतोय, तोवर तिला काही बोलू नका."

म्हणजे पेला घेऊन आले तेव्हा यांना सगळं माहीत होतं. गोळी घेतली नाही, हेही.

संध्याकाळी हे डबा घेऊन आले. मी डबा उघडायच्या आधी विचारलं, "सरबत हातात होतं तेव्हा का नाही बोललात?"

"सगळ्या बायका बसल्या होत्या."

"मग?"

"तू इतकी खुशीत होतीस. इतक्या महिन्यांत तुला तसं हसताना पाहिलं नव्हतं." ते डब्याच्या झाकणाशी खेळत राहिले. "तू घाबरशील म्हणून पहिल्या महिन्यात नाही सांगितलं. नंतर, इतके दिवस का नाही सांगितलं असं विचारशील म्हणून नाही सांगितलं."

"म्हणजे घाबरलं कोण?"

त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मी जेवले. डब्यात गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळी होती.

ओंकारचा फोन आला तेव्हा त्याने नेहमीसारखा ग्लास धरला नव्हता. "पप्पा म्हणाले, आईला कळू न देता खेळ म्हणून करायचं," तो म्हणाला. "सॉरी, आई." मी त्याला ओरडले नाही. दिवसभरात माझी सर्वांत आवडती वेळ ती होती, एवढं मात्र सांगितलं. तो नोकरी करणारा मुलगा आहे, पण फोन ठेवेपर्यंत त्याच्याकडून नाक ओढण्याशिवाय आवाज आला नाही.

कामावर परतल्यावर पुष्पाताईंनाही विचारलं. त्यांनी बाटली भरता भरता मागे वळूनही न बघता उत्तर दिलं, "तुमच्या घरच्या सायबांनी सांगितलं होतं खरं. पण बाई, सांगितलेली कामं मी किती करते ते तुमालाच ठावं की." ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच बरं वाटलं.

ज्यांना हे झालं आहे त्यांच्यासाठी

माझ्यासारखे फार नसतील, पण जे आहेत त्यांना सांगते.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा. वजन अचानक उतरलं तर ते बारीक होणं नव्हे, पाणी गेलेलं असतं. पाण्याचा दिवसाचा कोटा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, उन्हाळ्याचा वेगळा, तापातला वेगळा. जास्त पिणंही धोक्याचं आहे. घाबरून तांब्यावर तांब्या रिचवू नका. गोळी कोणत्याही सणाला चुकवायची नाही. फोनमध्ये गजर लावा, पण गजर बंद करून पाणी न पिण्याइतकी आपण सगळीच माणसं आहोत, म्हणून भांडी ठरवून ठेवा आणि रिकामी झालेली वेगळीकडे मांडा. रक्ततपासणीचा दिवस टाळू नका. पर्समध्ये आजाराचं नाव लिहिलेलं कार्ड ठेवा.

आणि नातेवाइकांना: रुग्णाला सांगा. त्याच दिवशी सांगा. त्याला रडू येईल, तुमच्यावर राग काढेल, रात्रभर जागेल. पण त्याचं शरीर आधीच त्याच्यापासून एक गोष्ट लपवतंय. तुम्ही लपवणारे दुसरे होऊ नका.

मी पहिले दोन महिने यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. स्वतः उठून घ्यायचे. एकदा ताप आला, त्यात दोन गजर माझ्याकडून नुसतेच बंद झाले, आणि तिसऱ्याला हे तांब्या घेऊन उभे होते. म्हणाले, "दोन चुकलेत. सोडियम बघायला जाऊ या." नाटक नाही, चहाचं निमित्त नाही. मी प्यायले आणि गाडीत बसले. माफ केलं असं नाही. पण माझी अट मी तेव्हा सांगितली: पुन्हा कधी चारचौघांत प्रसंग आला, तर चारचौघांत बोलायचं.

तो प्रसंग शिराळ्याला एका लग्नात आला. ऊन फार, जेवणाची पंगत लांबलेली, माझी बाटली गाडीत राहिलेली. हे मांडवात उभे राहून मोठ्या आवाजात म्हणाले, "हिला तहान लागत नाही, मेंदूचा आजार आहे, आधी हिला पाणी द्या." वाजंत्रीवाल्यांनीसुद्धा मान वळवली. एका अनोळखी बाईंनी मला धरून खुर्चीत बसवलं. जमिनीत शिरावंसं वाटलं. पाणी आलं, ते प्यायले. परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "जरा जास्तच मोठ्याने बोललो का?" मी म्हटलं, हो. आणि पुढच्या वेळीही असंच बोला.

राहिलेलं काम

कामं मी ओळीने लिहिते आणि झाली की काट मारते. वजनकाटा आणला. कार्ड झालं. कार्यालयात सगळ्यांना एकत्र बसवून मीच सांगितलं. मंगलवहिनींकडे दिवाळीला गेले. त्यांनी सगळ्यांदेखत माझ्यापुढे तांब्या ठेवला आणि या वेळी कुणी काही बोललं नाही.

एक राहिलंय. आईला सांगायचं.

मी हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी आजारी पडले, एवढंच तिला माहीत आहे. अशक्तपणा आला असं सांगितलंय. पण त्या उपासाबद्दल तिने रहिमतपुरात सगळ्यांना सांगितलं आहे. भजनी मंडळात सांगितलं आहे. माझ्या लेकीला डोक्याचा एवढा मोठा आजार झाला, आणि त्याच वर्षी तिने पाण्याचा थेंब न घेता उपास केला, असं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, पुढची हरतालिका माझ्याकडे कर, आपण दोघी मिळून निर्जळी करू, माझं आता काय सांगावं. हे शेजारीच बसले होते. हलक्या आवाजात म्हणाले, "आईंना मी सांगू का?"

मी म्हटलं, नको, माझं मी सांगते.

आईला म्हटलं, बघू, सुट्टी मिळते का ते.